डबरीची नोंदवही

सत्यासाठी आयुष्य वेचणारी माणसं इतिहासात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील, आणि त्यांतलं एक बोट माझ्या साडूंसाठी राखून ठेवावं असं माझं प्रामाणिक मत आहे. हे सत्य बेअरिंगच्या तापमानाचं होतं, एवढंच. भिलाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठा कारखाना येतो. आम्ही दोघं त्या कारखान्यात नव्हतो. त्याच्या सावलीत कुम्हारीच्या रस्त्याला ज्या लहानलहान मिली उगवल्या आणि मावळल्या, त्यांतल्या एका आता मावळलेल्या मिलीत मी डिस्पॅचला कारकून होतो आणि साडू मेंटेनन्सला. तिथे दर तासाला चाळीस बेअरिंगांजवळ जाऊन त्यांचं तापमान लॉगबुकात लिहायचा नियम होता. नियम सगळ्यांना मान्य होता. प्रथा अशी होती की पाळी संपायच्या आधी अर्धा तास चहा घेऊन बसायचं आणि आठही तासांचे आकडे एका बैठकीत भरून टाकायचे, तेही दोन वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे पाहणाऱ्याला श्रम दिसावेत. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात ‘सर्व सामान्य’ लिहून सही करायची. आमच्या डिस्पॅचच्या वह्याही अशाच भरत. या प्रथेवर मिल अठ्ठावीस वर्षं उत्तम चालली. साडू मात्र दर तासाला उठत, चाळीस बेअरिंगांपाशी चालत जात आणि चाळीस खरे आकडे लिहीत. त्यांच्या पाळीचं पान बाकीच्या पानांत असं वेगळं दिसे की साहेबांना वाटे, याच माणसाच्या पाळीत मशिनी बिघडतात. त्यांची बढती दोनदा त्यामुळेच अडली.

दुसऱ्याचं लॉगबुक ते नुसतं वरून पाहूनच ओळखत. “गोल आकडा दिसला का समजाचं,” असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, “का मानूस खुर्चीवरून उठलाच नाई.” साठ, सत्तर, ऐंशी असे आकडे त्यांना दिसले की एखाद्या सोवळ्या माणसाला पंगतीत कांदा दिसावा तसा त्यांचा चेहरा होई. स्वतः तपासलेल्या आकड्यापुढे ते पेन्सिलीने अगदी लहान बरोबरची खूण करीत. न तपासलेल्यापुढे काही करीत नसत. खोडायचेही नाहीत. माझं स्थळ माझ्या बायकोला त्यांनीच सुचवलं, आणि सासरे जेव्हा पत्रिकेचं विचारू लागले तेव्हा त्यांनी माझा तीन वर्षांचा हजेरीपट पुढे केला. आम्ही साडू झालो ते असे. मी माणूस बरा आहे याविषयी त्यांच्याजवळ कागदोपत्री पुरावा होता, आणि पुरावा एकदा तपासला की ते तो पुन्हा उघडत नसत. पुढे जे झालं त्याचं मूळ, माझ्या मते, इथेच आहे.

बेअरिंग ते हाताने पाहतच, पण त्यांचा खरा विश्वास कानावर. एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, होता, लाकडी मुठीचा. टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतली गोळी झिजली आहे की ग्रीस संपलंय, ते त्यांना तसं कळे. निवृत्तीनंतर मिल गेली, पेचकस राहिला. तो पिशवीत घालून ते नातेवाइकांकडे जात. आमच्या घरी आले की आधी पाणी घेत, मग पंखा, मिक्सर आणि फ्रिज ऐकत. एकदा फ्रिजला पेचकस लावून ते बराच वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “तीन महिने.” बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. तीन महिन्यांनी, सणाचं दूध आणि खवा आत असताना, फ्रिज बंद पडला. वास्तविक तिने त्यांचे आभार मानायला हवे होते. तिचं मत असं की फ्रिजला काही झालेलं नव्हतं, भाऊजींनी त्याला घाबरवलं. त्यानंतर ते यायचे असले की ती मिक्सर कपाटात ठेवी.

या कानाची एक गोष्ट त्यांनी बरेच दिवस कोणाला सांगितली नव्हती. अठ्ठावीस वर्षं मिलीच्या आवाजात काढल्यावर त्यांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. जाड आवाज, खर्जातला, तो अजून सुईच्या टोकाएवढा फरक असला तरी पकडत. वरच्या पट्टीतलं सगळं मात्र पुसून गेलेलं. त्यांच्या दाराची घंटी चिमणीच्या आवाजात चिवचिवायची, आणि पाहुणे बाहेर उभे राहून चिवचिव दाबत राहायचे. आत साडू शांतपणे पेपर वाचत. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या ताईने, शेवटी दाराला एक पितळी कडी बसवून घेतली. सकाळी फिरताना मी म्हणे, काय पाखरं ओरडतायत आज. ते मान हलवीत. ती मान ऐकून हलत नसे, विश्वासाने हलत असे. हजेरीपट पाहिलेला होता ना.

मग मुलीने त्यांना ते यंत्र दिलं. त्यांची मुलगी नागपूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पक्षी आणि बेडूक यांचे आवाज टिपून त्यांची नोंद ठेवायचं काम तिथे चाललं होतं. त्यातलं एक यंत्र तिने वडिलांना आणून दिलं, बहुधा त्यांनी घरातला टीव्ही रोज ऐकणं थांबवावं म्हणून. जेवणाच्या डब्याएवढा हिरवा खोका. पट्ट्याने झाडाला बांधायचा आणि कुलूप लावायचं. खालच्या बाजूला वाटाण्याएवढं भोक, त्यात माइक. माणसाने काही करायचं नाही. खोका दिवसरात्र दर अर्ध्या तासाला आपोआप जागा होणार, पाच मिनिटं ऐकणार, आतल्या कार्डावर ते साठवणार आणि पुन्हा झोपणार. कार्ड काढून संगणकात घातलं की आवाजाचं चित्र दिसतं. खर्जातले आवाज खाली, बारीक आवाज वर. साडूंनी खोका बांधला तो आमच्या वसाहतीमागच्या डबरीच्या काठी, अर्जुनाच्या झाडाला. छत्तीसगढात लहान तळ्याला डबरी म्हणतात. मरोद्याच्या बाजूला अशा डबऱ्या एके काळी पुष्कळ होत्या. आमची एक उरली होती, शेवाळाची, म्हशींची आणि कडेला कोणी टाकलेल्या एका कमोडची.

पहिल्या आठवड्याचं कार्ड त्यांनी पाहिलं त्या सकाळी ते पेचकस न घेता माझ्या घरी आले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. खुर्चीच्या कडेला बसून म्हणाले, “साडूभाऊ, आज मी शिंजीर आयकला.” मी विचारलं, कुठे. म्हणाले, पडद्यावर, सगळ्यात वर, बारीक बारीक रेघा, सकाळी सहा वाजून बत्तीस मिनिटांनी. चित्रात पाहिलेल्या पक्ष्याला ते शेवटपर्यंत ‘आयकला’ असंच म्हणत. मला त्यावर एक टोमणा सुचला होता. मी मारला नाही, आणि या सगळ्या हकिकतीत माझ्या बाजूने सांगण्यासारखी ती एकच गोष्ट आहे.

बेडूक त्यांना कानांनी ऐकू येत, कारण बेडूक खर्जात गातात. तिथे तर ते घरीच होते. मुलीने प्रत्येक बेडकाचं लॅटिन नाव कळवलं होतं, पण साडूंनी आपली नावं पाडली. एकाला ‘कोरडं बेअरिंग’, एकाला ‘ढिला पट्टा’, आणि वर्षातून मोजून पाचसहा दिवसच बोलणाऱ्या एका फुग्यासारख्या गोल बेडकाला ‘दात तुटलेला गिअर’. मिलीतलं उरलेलं एक कोरं लॉगबुक त्यांनी यासाठी काढलं. तारीख, वेळ, आवाज, किती, शेरा. ‘कोरडं बेअरिंग – सात. ढिला पट्टा – अगणित.’ ‘अगणित’ लिहिताना त्यांना यातना होत. वसाहतीचा चौकीदार गावातला, म्हातारा. त्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, “मेचका ला कोन गिनथे, दाऊ?” बेडूक कोण मोजतं, हा त्याचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, ज्याने आयुष्यभर बेअरिंगं मोजली तो. त्याला ते पटलं.

संगणकात आवाज ओळखणारी एक सोय होती. तिचं ज्ञान अफाट होतं आणि संकोच नव्हता. दूधवाल्याच्या स्कूटरला तिने बेडूक ठरवलं. माझ्या शिंकेला घुबड. एका संध्याकाळी ताई डबरीपाशी जाऊन यांना चहाला हाका मारीत होती, तिच्यापुढे यंत्राने लिहिलं: टिटवी, खात्री उच्च. साडूंनी हे निष्कर्ष म्हणून चहाच्या वेळी घरात वाचून दाखवलं. पुढचे तीन दिवस त्या घरात जेवण झालं, पण शब्द झाला नाही. साडूंनी त्याचीही नोंद केली असावी.

मुलीने एका कागदावर नियम लिहून दिले होते. दर रविवारी जाऊन माइकचं भोक स्वच्छ आहे ना ते पाहायचं. सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, आकड्यात लिहायचा. ओल शोषणारी पुडी बदलायची. आणि शेवटचा नियम: माणसाचा आवाज सापडला तर तो भाग ऐकत बसायचं नाही, पुसायचा. माणसांनी आपलं बोलणं टिपायला परवानगी दिलेली नाही. हा शेवटचा नियम साडूंना फार आवडला, कारण तो पाळला की नाही हे तपासणारं कोणीच नव्हतं. त्या अर्जुनाखाली वसाहतीतली निम्मी गुपितं बोलली जात. कोणाचं कोणाशी जमलं, कोणाचं फाटलं, कोण कोणाच्या सुनेला काय म्हणालं. हे सगळं दर आठवड्याला एका माणसाच्या हाती येई, आणि तो त्यावर बोळा फिरवून शेऱ्यात लिही, ‘मानवी आवाज. पुसला.’

आता समितीविषयी. आमच्या वसाहतीची एक सौंदर्यीकरण समिती होती. अध्यक्ष उन्हाळ्यातही कोट घालणारे गृहस्थ होते. त्यांना कशाचंही उद्‌घाटन चाले. सायकल स्टँडच्या उद्‌घाटनाला त्यांनी पाऊण तास भाषण केलं होतं, त्यात वेद आले होते, विज्ञान आलं होतं, सायकल आली नव्हती. त्यांच्या मनात आलं की डबरी बुजवून तिथे फरशीचा चौक आणि रंगीत दिव्यांचं कारंजं करावं. साडू सभेत उभे राहिले आणि म्हणाले, डबरीत नऊ जातींचे बेडूक आहेत, एकोणचाळीस जातींचे पक्षी येतात, माझ्यापाशी नोंद आहे. सभा हसली. अध्यक्ष हसले नाहीत. अध्यक्षांना हसण्यापेक्षा उदार होणं अधिक आवडे. त्यांनी हात वर केला आणि जाहीर केलं की ही समिती विज्ञानाचा आदर करते, विज्ञानात एका वर्षाला किंमत नसते, आपण सलग तीन पावसाळ्यांची अखंड नोंद आणा, समिती डबरीला हात लावणार नाही. टाळ्या पडल्या. इतिवृत्तात तसं लिहिलं गेलं. तीन वर्षं कोणी बेडूक मोजील, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसावं. साडूंनी इतिवृत्ताची नक्कल मागून घेतली आणि मोजू लागले.

पहिलं वर्ष झालं. दुसरं झालं. दुसऱ्या वर्षी एक मौज घडली. एका कार्डावर खुद्द अध्यक्ष सापडले. अर्जुनाखाली उभे राहून ते फरशीवाल्याशी बोलत होते, आणि फरशीवाला त्यांचा भाचा होता. साडूंनी हे मला सांगितलं नाही. नियमाप्रमाणे पुसायचा भाग ठरवण्यापुरते दोन शब्द त्यांनी ऐकले तेव्हा मी योगायोगाने शेजारी बसलो होतो, म्हणून माझ्या कानांवर आले. मी खुर्चीवरून उठलोच. म्हटलं, साडूभाऊ, हे ठेवा, हे सभेत लावा, एका मिनिटात डबरी वाचते, बेडूक मोजायचीही गरज नाही. ते माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले की जणू मी साठ, सत्तर, ऐंशी असं काही लिहून आणलं आहे.

“ते बेडूक नाई नं,” ते म्हणाले, आणि पुसलं.

तिसऱ्या वर्षी त्यांचा गुडघा गेला. मुलीने नागपूरला शस्त्रक्रिया ठरवली, आणि ती ठरली ऐन आषाढात. पुढे ढकला, असं त्यांनी डॉक्टरांना सांगून पाहिलं. कारण विचारल्यावर त्यांनी खरं कारण सांगितलं, त्यामुळे डॉक्टरांनी ढकलली नाही. सहा आठवडे त्यांना तिकडेच राहायचं होतं. सेल दोन महिने पुरणारे होते, कार्ड मोठं होतं, यंत्र आपलं काम आपण करणार होतं. फक्त दर रविवारी कोणीतरी जाऊन पाहायला हवं होतं. त्यांनी मला निवडलं. मिलीत पाळी सोपवतात तशी त्यांनी मला डबरी सोपवली: कुलपाची किल्ली, दात घासायचा जुना ब्रश, ओल शोषणाऱ्या सहा पुड्या, लॉगबुक. दोघांच्या सह्या झाल्या. गाडीत बसताना म्हणाले, “भोक तेवढं पाहात जा बापा. बाकी तं ते स्वतःच करून राह्यते.”

पहिल्या रविवारी मी गेलो. हे मी शपथेवर सांगू शकतो. चिखल होता, चप्पल रुतली, एक म्हैस माझ्याकडे साहेबासारखी पाहत होती. भोक स्वच्छ होतं. दाब लिहिला. दुसऱ्या रविवारी पाहुणे आले. तिसऱ्या रविवारी, खरं सांगायचं तर, कोणी आलं नव्हतं. मी ओसरीवर चहा घेऊन बसलो होतो, लॉगबुक समोर होतं, पेन खिशात होतं, आणि अठ्ठावीस वर्षांची सवय हाताला होती. यंत्र तर आपोआप चालतंच आहे, मी जाऊन त्याला काय मदत करणार? मी दोन्ही रविवारांचे रकाने भरले. पुढच्या तीन आठवड्यांत तर लॉगबुक ओसरीवरून हललंही नाही. सेलचा दाब उतरत जातो हे मला माहीत होतं, म्हणून मी तो बेताबेताने उतरवला. निळं पेन आणि काळं पेन आलटूनपालटून वापरलं. आणि गोल आकडे कटाक्षाने टाळले. इतकं मी त्यांच्याकडून शिकलो होतो.

ते परत यायच्या आदल्या दिवशी, सकाळी, मी न वापरलेल्या पुड्या डबरीत फेकून द्याव्यात म्हणून तिकडे गेलो. खोका जागच्या जागी होता. माइकच्या भोकावर मात्र एका कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. भिंती जाड, गिलावा गुळगुळीत, वरून छप्पर. अशी इमानाने केलेली कामं हल्ली पाहायला मिळत नाहीत. माती पूर्ण वाळलेली होती, म्हणजे काम जुनं होतं. मी कुलूप काढलं, ब्रशाच्या दांड्याने ती माती खरवडली, भोक फुंकून स्वच्छ केलं. ते झाल्यावर माझ्याच्याने राहवेना म्हणून मी त्या माशीला म्हणालो, “बाई, दीड महिना तूच ड्युटी करून राहिली, मी तं आलोच नाई.” विनोद बरा होता. आजूबाजूला ऐकायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडू काठी टेकत आले. आधी लॉगबुक घेतलं. सहा रविवारांवरून बोट फिरवलं.

“दर इतवारी गेलते नं?”

“हाव,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पक्ष्यांविषयी मी काही सांगितलं की हलत असे, तीच ती मान.

पुढचे दोन दिवस ते दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच गेलो. ताईने कडी काढली आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. संगणक बंद होता. ते खिडकीपाशी गुडघा लांब करून बसले होते. मला म्हणाले की यंदाची नोंद धरता येत नाही, माइक बुजलेला होता, दुसऱ्या आठवड्यापासून नुसती गाळाखालची घरघर आहे. मी म्हटलं, शेवटी यंत्रच ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हाव,” ते म्हणाले, “यंत्रच ते.” मग त्यांनी ताईला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला, साखर थोडी जास्त, मला लागते तशी. मी चहा प्यायलो. तो घशाखाली सहज उतरला, हे नमूद करायला हवं. माणसाला वाटतं, अशा वेळी उतरणार नाही.

सभेत त्यांनी खुर्चीला धरून दोन वर्षांची नोंद वाचली. ती वाचायला बावीस मिनिटं लागली, कारण त्यांनी सगळी वाचली. मग म्हणाले की तिसऱ्या वर्षाची नोंद उपलब्ध नाही, यंत्राची देखभाल नीट झाली नाही. अध्यक्षांनी कोटाचं बटण लावलं आणि सहानुभूतीने विचारलं, देखभाल कोणाकडे होती? मी दुसऱ्या रांगेत होतो. डोक्यावरचा पंखा जरा डगमगत होता, बेअरिंग गेलेलं असावं. मी त्याच्याकडे पाहत होतो. उठायला मला दोन सेकंद पुरली असती. साडूंनी मला त्याहून जास्त वेळ दिला.

“माह्याच कडे होती,” ते म्हणाले.

मत घेतलं गेलं. डबरी डिसेंबरात बुजली. तिथे फरशी आली, दिवे आले, आणि मधोमध कारंजं. कारंज्याच्या चारी बाजूंना तोंडातून पाणी सोडणारे चार हिरवे सिमेंटचे बेडूक बसवण्यात आले. अध्यक्ष भाषणात म्हणाले की स्थानिक जैवविविधतेला ही समितीची मानवंदना आहे. साडू उद्‌घाटनाला आले होते. त्यांनी एका सिमेंटच्या बेडकाला पेचकस लावून पाहिला. आतला नळ ऐकत असावेत.

वर्षभरात दुसरा गुडघाही कुरकुरू लागला आणि ती दोघं कायमची नागपूरला मुलीकडे गेली. सामान बांधताना त्यांनी यंत्र मुलीला दिलं, पेचकस स्वतःपाशी ठेवला आणि लॉगबुक मला दिलं. म्हणाले, “तुमच्यापाशी राहू द्या, इथलीच वस्तू हाये.” मी ते कपाटात वरच्या खणात ठेवलं, जिथे पूर्वी मिक्सर लपवला जाई. बरेच महिने उघडलं नाही. उघडलं तेही कपाटाला रंग द्यायचा होता म्हणून.

माझे सहा रविवार जसेच्या तसे होते. पहिल्या आकड्यापुढे पेन्सिलीची बारीक बरोबरची खूण होती. पुढच्या पाचांपुढे काही नव्हतं. खाडाखोड नाही, प्रश्नचिन्ह नाही. त्याखाली, कार्ड तपासलं त्या दिवशी त्यांनी लिहिलेली एक ओळ होती. मी भोक खरवडायला गेलो होतो ती तारीख, वेळ सकाळी दहा वाजून तेहतीस मिनिटं, आणि शेरा: ‘मानवी आवाज. बेडूक नाही. पुसला.’

यंत्र दर अर्ध्या तासाला जागं होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते साडेदहाला जागं झालं होतं आणि पाच मिनिटं ऐकत होतं. भोक मोकळं झाल्यावर महिन्याभरातला पहिला स्वच्छ आवाज त्याला माझा मिळाला. माझा आवाज जाड आहे, खर्जातला. तो त्यांना चित्रात पाहावा लागला नसणार.

दर रविवारी आता मी त्यांना फोन करतो. ते गुडघ्यांचं सांगतात, मुलीच्या घरच्या वॉशिंग मशीनला किती महिने उरलेत ते सांगतात, आणि शेवटी विचारतात, “डबरी काय म्हनते?” कारंजं म्हणत नाहीत. एकदा मी धीर करून म्हणालो की साडूभाऊ, त्या वर्षी मी गेलो नव्हतो, एक रविवार सोडून. मग ते म्हणाले, इथं नेटवर्क बरोबर नाही, काही ऐकू येऊन राहिलं नाही, आणि बायकोची तब्येत विचारली. मी पुन्हा सांगितलं नाही. ऐकलेलं पुसायची त्यांना सवय आहे, आणि पुसलेलं परत आणून दाखवू नये.

फोन झाल्यावर मी डबरीवर जातो. दर रविवारी, न चुकता, आता जाऊन काही उपयोग नाही तेव्हा. लॉगबुक घेऊन जातो. दिवाळीपासून पंप बंद आहे. कारंज्याच्या हौदात पावसाचं पाणी साचलं आहे, त्यावर थोडं शेवाळही धरलं आहे. मागच्या रविवारी, संध्याकाळी सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी, सिमेंटच्या बेडकामागून एक ढिला पट्टा बोलला. एकच. मी तो लिहून घेतला आणि पुढे खूण केली. मग पंपाच्या खोलीपाशी गेलो, कारण दार उघडं होतं आणि आत खिळ्याला देखभालीची वही टांगलेली दिसत होती. त्या दिवशी बारा तारीख होती. वही एकतीस तारखेपर्यंत भरलेली होती: कारंजे चालू, सर्व सामान्य. पाण्याच्या दाबाचे आकडे सगळे गोल होते.